दीड लाख किलोमीटरनंतर: जुनी कार भरवशाची कशी ठेवावी

गेल्या वर्षभरात इंदूरच्या आमच्या सुदामानगरातल्या तीन-चार ओळखीच्या घरांत सेकंडहँड गाड्या आल्या. कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुणाची सून शिकवायला रोज विजयनगरला जाते. सगळ्याच गाड्या लाखाच्या पुढे चाललेल्या, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "ही पुण्याला नेली तर चालेल का हो?"

माझी वॅगन आर २०१० सालची आहे. मीटरवर १ लाख ८७ हजार आहेत आणि इंदूर-पुणे हा सुमारे ६०० किलोमीटरचा रस्ता ती वर्षातून दोनदा जाऊन-येऊन करते. तेव्हा उत्तर "हो" असंच आहे, पण आधी थोडं काम करावं लागेल. जुन्या गाड्या इंजिन झिजलं म्हणून रस्त्यात उभ्या राहतात, असं मी फार कमी पाहिलंय. फुटलेला होज (रबरी नळी), सैल झालेली रेडिएटरची कॅप, सडलेलं बॅटरीचं टर्मिनल, वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल अशा गोष्टी गाडी थांबवतात. शे-पाचशेची वस्तू वेळेवर बदलली नाही की मागून वीस-तीस हजारांचं काम येतं. हा लेख त्या शे-पाचशेच्या वस्तूंबद्दल आहे.

पायरी १: आधी एक वही

गाडी घरी आली की तिच्यासाठी एक साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख आणि मीटरचा आकडा लिहा. पुढच्या पानावर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, बेल्ट, बॅटरी, टायर अशी यादी करा. प्रत्येकापुढे "शेवटचं कधी बदललं" ते लिहा. आधीच्या मालकाकडे बिलं असतील तर त्यावरून लिहा. बिल नसेल, पण तो "सगळं केलेलं आहे" म्हणत असेल, तर तो रकाना रिकामा ठेवा.

रिकामा रकाना म्हणजे ते काम झालेलं नाही, असंच धरून चालायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे रकाने एकेक करून भरा. सगळी कामं एकाच दिवशी करू नका. एकदम दहा वस्तू बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी नवा आवाज सुरू झाला, तर तो कशामुळे हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

गाडीबरोबर मिळालेलं कंपनीचं पुस्तक हरवलं असेल तर मिळवा. त्यात सर्व्हिसचे दोन तक्ते असतात, एक साध्या वापरासाठी आणि एक कठीण वापरासाठी. धूळ, दाट ट्रॅफिक, चार-पाच किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, कडक ऊन हे सगळं कठीण वापरात मोडतं. राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणारी आणि मे महिन्यात ४० अंशांच्या पुढे तापणारी आपली गाडी दुसऱ्याच तक्त्यातली आहे.

पायरी २: रविवारी सकाळी दहा मिनिटं

गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन थंड आहे, जागा सपाट आहे, अशा वेळी पोहे व्हायच्या आत हे उरकतं. बॉनेट उघडा. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवं. कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीवरही तशाच दोन खुणा असतात. ब्रेक ऑइलची डबी बाहेरूनच दिसते. मग गाडी थोडी पुढे घ्या आणि ती रात्रभर उभी होती त्या फरशीकडे बघा. काळा डाग ऑइलचा असतो. हिरवा किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारा डाग कूलंटचा. उन्हाळ्यात एसी चालवल्यावर पडणारं स्वच्छ पाणी मात्र एसीचंच असतं, त्याची काळजी नको.

ऑइल किती खाली गेलं ते वहीत लिहा. जुनं इंजिन थोडं ऑइल खातं आणि त्याने बिघडत काही नाही. ते किती खातं हे माहीत नसणं मात्र धोक्याचं असतं. दोन सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिक कधी न पाहिल्यामुळे कोरडी पडून बसलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

पायरी ३: इंजिन ऑइल

कंपनीच्या पुस्तकात बहुधा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. मी ७,५०० वर बदलतो. गाडी कमी चालली असेल तरी वर्षाच्या आत बदलतोच, आणि प्रत्येक वेळी फिल्टरसकट. छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये शिरलेला ओलावा उडून जात नाही आणि हळूहळू त्याचा काळा गाळ होतो. म्हणून रोज फक्त छावणीतून सियागंजपर्यंत जाणारी गाडी महिन्यातून एकदा तरी बायपासवर अर्धा तास सलग चालवा.

ऑइल कोणत्या कंपनीचं, यावर लोक फार वाद घालतात. मला ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाड-पातळपणा, जास्त महत्त्वाचा वाटतो. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला. "गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला" असा सल्ला पुष्कळ गॅरेजांत मिळतो. जाड ऑइलमुळे आवाज कमी होतो हे खरं, पण सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू होते तेव्हा ते वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झीज बरीचशी तेव्हाच होते.

सायलेन्सरच्या धुराकडेही लक्ष ठेवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट इंजिनात शिरतंय. अशी गाडी चालवू नका, तपासायला द्या. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं तरी हेच.

पायरी ४: कूलंट, आणि इथे थोडं थांबा

एका मे महिन्यात पुण्याहून परत येत होतो. खलघाटला नर्मदा ओलांडली, धामनोद मागे पडलं आणि मानपूरकडे विंध्याचा चढ सुरू झाला. एसी चालू, गाडीत चार माणसं आणि आंब्यांच्या दोन पेट्या. अर्ध्या चढावर लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेतली तेव्हा बॉनेटखालून वाफ येत होती. रेडिएटरचा वरचा होज क्लिपपाशी चिरला होता. नंतर इंदूरच्या मेकॅनिकने रेडिएटरमध्ये बोट घालून दाखवलं आणि म्हणाला, "भिया, इसमें कूलंट है ही नहीं, बोरिंग का पानी भरा है." आदल्या सर्व्हिसला ज्या गॅरेजने "कूलंट टॉप-अप" असं बिलात लिहिलं होतं, त्यांनी नळीने पाणी भरलं होतं. मीही झाकण उघडून पाहिलं नव्हतं. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, जिथे बसतो तिथलं सील) वाचलं, ते लगेच इंजिन बंद केल्यामुळे.

बोरिंगचं पाणी जड असतं. किटलीत जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, शिवाय आतलं लोखंड गंजतं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि त्याचा उत्कलनबिंदूही पाण्यापेक्षा वर असतो. म्हणून:

जुन्या गाडीचं कूलंट कधी बदललं ते माहीत नसेल, तर पूर्ण काढून सिस्टिम धुवून नवं भरा. तयार मिश्रण घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. साधं कूलंट साधारण दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर चालतं, लाँग-लाइफ प्रकारातलं त्याहून जास्त. रंगावर विसंबू नका, एकाच रंगात वेगवेगळे प्रकार मिळतात. आपल्या गाडीला कोणतं लागतं ते पुस्तकात पाहा आणि दोन प्रकार मिसळू नका.

त्याच वेळी वरचा आणि खालचा असे दोन्ही होज दाबून पाहा. चांगला होज घट्ट पण लवचिक असतो. पिठासारखा मऊ, फुगलेला किंवा दाबल्यावर करकरणारा होज बदलून टाका, क्लिपसकट. दीड लाखापुढच्या गाडीत होज पहिलेच असतील, तर मी ते न बघताच बदलायला सांगतो. रेडिएटरची कॅपही नवी घ्या. ती आत दाब धरून ठेवते, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की दाब जातो आणि चढावर गाडी तापते. लोक रेडिएटर बदलतात, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदलतात, आणि कॅप मात्र तशीच राहते.

पंखाही तपासा. एसी बंद ठेवून गाडी जागेवर सुरू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होऊन थोड्या वेळाने थांबला पाहिजे. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने इंजिन सतत थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि गाडी का तापते हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

आता गाडी तापलीच तर काय करायचं तेही सांगतो. एसी बंद करा. हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावा, इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवून इंजिन बंद करा. कॅपला किमान अर्धा तास हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: कूलंट पूर्ण वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. वाफ दिसली होती आणि आता काटा खाली आलाय, म्हणून गाडी पुढे काढू नका.

पायरी ५: बेल्ट आणि बाकीची रबरं

तुमच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ठेवणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे आजच शोधून काढा. वॅगन आरच्या के-१० इंजिनात चेन आहे, डिझेल स्विफ्टच्या १.३ लिटर इंजिनातही चेन. ऑल्टो ८००, जुनी १.१ लिटर सँट्रो आणि १.५ लिटर डिझेल डस्टर यांत बेल्ट आहे. बेल्ट बाहेरून झाकलेला असतो, आवाज करत नाही आणि एके दिवशी तुटतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेड उघडावं लागतं. कंपनीने दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, तो बदलायचा. त्याचवेळी बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण मजुरी सारखीच लागते. वहीतला रकाना रिकामा असेल, तर लांबच्या प्रवासाआधीचं हे तुमचं पहिलं काम.

अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) बेल्ट वेगळा आणि बाहेरून दिसणारा. त्यावर भेगा पडल्या असतील किंवा पावसाळ्यात सकाळी तो किंचाळत असेल तर बदला.

पेट्रोलच्या नळ्याही रबराच्याच असतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांची सगळी रबरं त्यासाठी बनवलेली नाहीत. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी नळ्या आणि जोड तपासून घ्या. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अगदी रिकामी ठेवू नका. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत स्पार्क प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) जरा लवकर तपासून घ्या, आणि गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करायचीच असते.

गाडी जॅकवर असताना पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचे एक्सलचे रबरी बूट बघा. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ शिरते आणि जॉइंट खराब होतो. मग वळताना कटकट आवाज येतो. नुसता बूट बदलणं कितीतरी स्वस्त पडतं.

पायरी ६: ब्रेक आणि टायर

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल साधारण २३० अंशांना उकळतं, पण ओलावा शोषलेलं १५५ च्या आसपासच. सेंधव्याहून बिजासन घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला तर ब्रेक तापतात, जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदला. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबा आणि सोडा. पुढचे पॅड ३ मिलिमीटरपर्यंत आले की बदला. मागचे ड्रम उघडून साफ करायला गॅरेजवाले कंटाळा करतात, तेव्हा आठवणीने सांगा.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होतं. सहा वर्षांपुढचा टायर दरवर्षी तपासून घ्या, बाजूच्या भिंतीवर भेगा दिसल्या तर लांब नेऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. स्टेपनीतही.

टायर एका कडेने झिजत असेल तर नुसतं अलाइनमेंट करून येऊ नका. आधी लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट (चाक जागेवर धरणारे जोड) तपासायला सांगा. ते सैल असतील तर अलाइनमेंट आठ दिवसही टिकत नाही.

पायरी ७: बॅटरी आणि वायरिंग

एक साधा मल्टीमीटर घ्या. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. गाडी सुरू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. उन्हाळ्याची उष्णता बॅटरीला आतून खाते आणि मग पावसाळ्यात किंवा डिसेंबरच्या एखाद्या गार सकाळी ती हात वर करते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा आणि कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीकडून बॉडीला जाणारी अर्थची जाड वायरही काढून घासा. दिवे मंद होणं, सेल्फ अडखळणं अशा तक्रारींत बॅटरी नवी घेण्याआधी ही वायर बघायची असते.

पायरी ८: पावसाळ्याआधी

कडुलिंबाखाली गाडी लावत असाल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साठतात, पाण्याची वाट बुजते आणि पाणी डॅशबोर्डखाली उतरतं. जून लागण्याआधी ती जाळी साफ करा. दारांच्या खालच्या कडेची छोटी छिद्रं काडीने मोकळी करा, दारं आतून तिथूनच गंजतात. काळ्या मातीच्या रस्त्यावरून आलात तर चाकांच्या कमानींत आतून पाणी मारा, ती माती ओल धरून बसते. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या.

पायरी ९: मेकॅनिक, पार्ट आणि कागद

एकच मेकॅनिक धरा, आणि शक्य असेल तेव्हा काम होताना तिथे थांबा. काढलेला जुना पार्ट परत मागा, नव्याचा खोका वहीत चिकटवा. ब्रेक, बेल्ट, फिल्टर आणि कूलंट यांत पैसे वाचवू नका. आरसा, दाराचं हँडल, सीट कव्हर यांत हवे तेवढे वाचवा. महिन्याला हजार-दीड हजार गाडीच्या नावाने बाजूला टाकत गेलात, तर टायर आणि बॅटरीचं वर्ष जड जात नाही.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ते ५ वर्षांसाठी वाढवून मिळतं. आरसीवरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पीयूसी बीएस-४ (प्रदूषणाचा मापदंड, आरसीवर लिहिलेला असतो) आणि पुढच्या गाड्यांसाठी वर्षाचं, त्याआधीच्यांसाठी सहा महिन्यांचं.

पायरी १०: लांब जाण्याआधी

प्रवासाआधीची कामं निघायच्या आदल्या दिवशी कधीच करू नका. आठ दिवस आधी करा. नवा होज क्लिपपाशी पाझरतो, नट सैल राहतो, बेल्ट थोडा ताणला जातो, आणि हे सगळं घराजवळ कळलेलं बरं. काम झाल्यावर सिमरोळपर्यंत किंवा उज्जैनपर्यंत एक फेरी मारा. परत आल्यावर इंजिन थंड झालं की सगळ्या पातळ्या पुन्हा बघा आणि वहीत लिहा.

डिकीत दोन लिटर तयार कूलंट, अर्धा लिटर इंजिन ऑइल, दोन होज क्लिप, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, जंप केबल, हवा भरलेली स्टेपनी, आणि चाक खोलायचा पाना. हा पाना घरी एकदा वापरून बघा. सर्व्हिस सेंटरात मशीनने आवळलेले चाकाचे नट हाताने सुटत नसतील, तर ते आत्ताच सोडवून बेताने आवळून घ्या.